दहा वर्षं टिकेल अशी गाडी कशी निवडायची? मराठवाड्यात पहिल्यांदाच कार घेणाऱ्यांसाठी

एर्टिगा डिझेल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गाडी येते. प्रत्यक्षात त्या नावाखाली दोन वेगळी इंजिनं विकली गेली. सुरुवातीपासून होतं ते फियाटच्या घराण्यातलं १.३ लिटरचं. २०१९ मध्ये सुझुकीने स्वतःचं १.५ लिटरचं आणलं आणि एप्रिल २०२० ला धुराचे कडक बीएस-६ नियम लागू होताना मारुतीने डिझेलच बंद केलं. म्हणजे दुसरं इंजिन जेमतेम वर्षभर विकलं गेलं. पहिल्याचा क्लच, नोझल (डिझेल फवारणारा भाग), टायमिंग किट जिल्ह्याच्या गावी मिळतं, हात बसलेला मेकॅनिक तालुक्यालाही सापडतो. दुसऱ्याचा एखादा सेन्सर गेला तर ऑर्डर देऊन वाट बघावी लागू शकते. बिल्ला तोच, मॉडेल तेच.

म्हणून ‘मारुती टिकते का टाटा?’ या प्रश्नाला नीट उत्तरच नाही. विचारायचं असं: कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणत्या सालचा, आणि बिघडलं तर आपल्या गावापासून किती लांब, किती दिवसांत आणि किती पैशांत नीट होतं? कंपन्यांची तुलना करायची तर याच क्रमाने करावी.

पहिलं काम: स्वतःचं रनिंग लिहून काढा

वर्षाला किती किलोमीटर होतात, त्यातले हायवेचे किती आणि गावातल्या गावात किती, हे आधी कागदावर लिहा. अंबाजोगाईत राहून महिन्यातून दोनदा लातूरला जाणारा माणूस आणि नांदेड-संभाजीनगर आठवड्याला करणारा माणूस यांना एकच गाडी भरवशाची ठरत नाही.

उदाहरण धरू. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये; पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १८, डिझेलचं २२. वर्षाला १५ हजार किलोमीटर म्हणजे दहा वर्षांत दीड लाख. पेट्रोलला सुमारे ८ लाख ७५ हजार जातील, डिझेलला ६ लाख २७ हजार. फरक अडीच लाखांच्या आत-बाहेर. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असली तरी लाखभर हातात राहतं, पण त्यातूनच एखाद्या वेळी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि नोझलचा खर्च निघायला हवा. रनिंग वर्षाला सहाच हजार असेल तर हा फरक लाखाच्याही आत येतो आणि डिझेलचा हिशोब तिथेच बुडतो. त्यात बीएस-६ डिझेलला काजळी अडवणाऱ्या डीपीएफ जाळीची कटकट आहे, ती पुढे येईलच.

सीएनजीचा हिशोब स्वस्त दिसतो, पण पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का ते बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, नाहीतर मिसफायर सुरू होतो, म्हणजे इंजिन झटके खातं.

दुसरं काम: बिल्ल्याखालचं इंजिन ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी माहिती इथेच आहे. एकच इंजिन अनेक कंपन्यांनी वापरलेलं असतं. फियाटचं १.३ डिझेल स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटा व्हिस्टा, झेस्ट आणि फियाट पुंटो या सगळ्यांत आहे. रेनॉचं १.५ डिझेल डस्टरमध्येही आहे आणि निसानच्या मायक्रा, सनी, टेरानोमध्येही. पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड आतून एकाच घरच्या. टोयोटा ग्लांझा म्हणजे मारुती बलेनो. त्यामुळे ‘टोयोटाची आहे म्हणून टिकेल’ असं म्हणून ग्लांझासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. मोजायचे तर डीलरची सर्व्हिस आणि वॉरंटी बघून मोजावेत.

याचा एक ढळढळीत दाखला आहे. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या. त्याच महिन्यात ग्लांझालाही त्याच कारणासाठी बोलावणं आलं. रिकॉल झाला म्हणजे कंपनी वाईट, असं मात्र समजू नका. दोष कबूल करून फुकट पार्ट बदलून देणं ही चांगलीच गोष्ट आहे. जुनी गाडी घेताना तिचा रिकॉल पूर्ण झाला का, एवढं चासी नंबर देऊन कंपनीकडून तपासा. होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिकच्या बाबतीत हे विसरूच नका. त्यांच्यातल्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलून देण्यासाठी होंडाने भारतात अनेकदा रिकॉल काढले.

इंजिन कळलं की पहिला प्रश्न: पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवायला टायमिंग चेन आहे की बेल्ट? मारुतीची के-सिरीज पेट्रोल, ते १.३ डिझेल, ह्युंदाईची १.४ आणि १.६ सीआरडीआय डिझेल ही चेनवाली. डस्टरचं १.५ डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाची १.५ आणि १.६ टीडीआय डिझेल, फोर्डचं १.५ डिझेल आणि जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल बेल्टवाली. बेल्ट वाईट नसतो, पण तो रबरी असतो आणि त्याला मुदत असते. मुदत किलोमीटरचीही असते आणि वर्षांचीही. मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतात, जो आधी येईल तो धरायचा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजून किट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च भावातून कापून घ्या.

चेनवाल्या गाडीत वेगळी काळजी. चेनचा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं किंवा वेळेवर बदललं नाही की चेन ढिली पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. १.३ डिझेलमध्ये ही खूण ओळखता आलीच पाहिजे. दुर्लक्ष केलं तर चेन दात चुकवते.

नंतर गिअरबॉक्स. मॅन्युअल सगळ्यात निर्धोक, क्लच सेट बदलला की विषय संपला. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राचा हात लावलेला, बिघडला तर बहुधा ॲक्चुएटर किंवा क्लच. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, दणकट, तेल बदलत राहा. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, शांत डोक्याने चालवणाऱ्यांसाठी ठीक, तिला फक्त तिचंच तेल लागतं. जपून घ्यायची ती दोन क्लचवाली ऑटोमॅटिक डीसीटी (फोक्सवॅगनच्या भाषेत डीएसजी), तीही ड्राय क्लचची, म्हणजे क्लच तेलात नसलेली. ट्रॅफिकमध्ये रांगत चालताना तिचे क्लच तापतात, त्यात आपल्याकडचा मे महिना. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजीसाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या बोलावून गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल तेल भरून दिलं, कारण उष्ण-दमट हवेत आत इलेक्ट्रिकल बिघाड होत होता. हीच डीएसजी आपल्याकडे पोलो जीटी टीएसआय आणि ऑक्टाव्हिया १.८ मध्ये आली. गाडी चालवायला अफलातून. पण वॉरंटी संपलेली, लाखभर किलोमीटर झालेली डीएसजी पहिली गाडी म्हणून घेऊ नका.

मग कंपन्यांबद्दल काय म्हणायचं?

ढोबळ मत द्यायचंच तर असं. मारुतीची टर्बो नसलेली पेट्रोल इंजिनं साधी आहेत, म्हणूनच टिकतात, आणि काम निघालं तरी खिसा फाटत नाही. टोयोटाची इनोव्हा चार-पाच लाख किलोमीटर सहज ओढते, पण तिच्या जुन्या गाडीचा भावही तसाच चढा असतो आणि डिझेल पंप, नोझल, सस्पेन्शनचे पार्ट छोट्या गाडीच्या मानाने महाग पडतात. होंडाची पेट्रोल इंजिनं अप्रतिम, मात्र गाडी जमिनीला जवळ आणि डीलर मोजक्या शहरांत. ह्युंदाईची इंजिनं भरवशाची, तरी फीचर जितके जास्त तितकी वायरिंग जास्त. महिंद्राची बोलेरो खडबडीत आहे, आवाज करते, पण पाटा स्प्रिंगची आहे आणि कुठल्याही गॅरेजवाल्याला तोंडपाठ आहे. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन दमदार, तिच्यात खर्च होतो तो जास्त करून खालच्या कामावर, म्हणजे सस्पेन्शनवर. टाटाच्या गाड्यांचा पत्रा मजबूत आणि सस्पेन्शन आपल्या रस्त्यांना मानवणारं, मात्र इलेक्ट्रिकल आणि सॉफ्टवेअरच्या बारीक तक्रारी जास्त ऐकू येतात. त्यामुळे टाटाची नवी गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी घ्याच. आणि नवं मॉडेल कुठल्याही कंपनीचं असो, पहिल्या वर्षात घेऊ नये.

क्रॅश टेस्टचे स्टार आणि टिकाऊपणा यांची गल्लत नको. स्टार अपघातात जीव वाचण्याबद्दल सांगतात, क्लच किती चालेल याबद्दल नाही. दोन्ही बघावं, पण वेगवेगळं.

बंद पडलेल्या कंपन्यांचं काय? शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. फोर्डची डिझेल इंजिनं आजही उत्तम म्हणावी अशी आहेत, आणि म्हणूनच स्वस्तातली फिगो-ॲस्पायर मोहात पाडते. इंजिनाचे पार्ट मिळतात. अडतं ते हेडलाइट, बंपर, दाराच्या पॅनेलवर. बॉडीचा पार्ट मिळाला नाही तर अपघातानंतर विमा असूनही गाडी उभीच.

तिसरं काम: योग्य माणसाला विचारा

परदेशी अहवाल वाचायला हरकत नाही, पण ते काय मोजतात ते कळायला हवं. जर्मनीतला टीयूव्हीचा अहवाल ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीत सापडलेले दोष मोजतो. तिथलाच एडीएसी रस्त्यात बंद पडून मदतीला बोलावलेल्या गाड्या मोजतो. अमेरिकेतला कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या सभासदांना विचारतो. बोलेरो, डिझायर, एर्टिगा या कशातच नसतात. जे. डी. पॉवरच्या पाहणीत तर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी एवढंच मोजतात, तिथे टचस्क्रीन अडकणं हीसुद्धा तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीसुद्धा तक्रारच.

त्यापेक्षा बसस्टँडवर पिवळ्या पाटीच्या गाड्या उभ्या असतात तिथे जा. दोन-तीन लाख किलोमीटर झालेली डिझायर किंवा एर्टिगा चालवणाऱ्याला ‘गाडी चांगली आहे का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: पहिला क्लच किती किलोमीटरला गेला? टर्बो उघडला का? गाडी शेवटची रस्त्यात कधी उभी राहिली आणि कशाने? गेल्या वर्षात गॅरेजला एकूण किती दिले? अशी पाच माणसं विचारली की चित्र स्पष्ट होतं. फक्त एक भान ठेवा. टॅक्सी रोज चालते, इंजिन नेहमी गरम असतं, ऑइल वेळेवर पडतं. आठवड्यातून एकदा निघणारी घरची गाडी वेगळ्या कारणांनी बिघडते: बॅटरी, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, कडक झालेली रबरं.

दुसरा जाणकार म्हणजे स्पेअर पार्टचा दुकानदार. त्याला ‘या गाडीचं सगळ्यात जास्त काय विकलं जातं?’ एवढंच विचारा. तो जे नाव घेईल तो त्या गाडीचा दुबळा भाग.

चौथं काम: दहा पार्टची यादी घेऊन फिरा

मनात दोन-तीन गाड्या ठरल्या की प्रत्येकीसाठी याच दहा गोष्टींचे भाव लिहून आणा: क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग), पुढचे दोन शॉकअप, लोअर आर्मची जोडी, पुढचं व्हील बेअरिंग, रेडिएटर, एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, टायमिंग किट, एक नोझल किंवा इग्निशन कॉइल, आणि डावा हेडलाइट. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: कंपनीचा भाव, बाजारातला चांगल्या ब्रँडचा भाव, आणि किती दिवसांत मिळेल.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. संभाजीनगरात संध्याकाळपर्यंत मिळणारा पार्ट हिंगोलीला दोन दिवसांनी येतो. नांदेड-लातूरकडे कधी पुण्याहून, कधी हैदराबादहून माल येतो. आणि कारखाना जवळ असला म्हणजे पार्ट दारात, असं नसतं. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जुळवल्या जातात, २०२४ मध्ये टोयोटानेही संभाजीनगरात कारखाना काढण्याचा करार केला. पार्ट मात्र कंपनीच्या गोदामातून डीलरमार्गेच येतो.

ही यादी करायला एक दिवस जातो. कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळतं.

आपल्याकडे गाडी कशाने मरते

बोअरच्या पाण्याने. मराठवाड्यातलं बरंचसं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. रेडिएटरमध्ये तेच ओतत राहिलं की आत खडू धरतो, बारीक नळ्या बुजतात, मे महिन्यात ४२-४३ अंशांत एसी लावून घाट चढताना काटा वर जातो आणि हेड गॅस्केट उडतं. गॅस्केट गेल्यावर कंपनीला शिव्या बसतात, दोष पाण्याचा असतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा किंवा तयार मिश्रण घ्या. डिकीत बॅटरीच्या पाण्याचा दोन लिटरचा कॅन ठेवा, अडचणीला तेच ओता. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

धुळीने. शेतरस्त्याला जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या निम्म्या अंतरावर बघा. फिल्टर फाटला की धूळ थेट इंजिनाच्या सिलिंडरची भिंत घासते, टर्बोचे पंखेही खाते.

काळ्या मातीने. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर लाटांसारखं होतं. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट इथे लवकर जातात. दहा वर्षांत दोनदा खालचं काम निघणार असं धरूनच बजेट करा. आकर्षक दिसणारे मोठे ॲलॉय आणि पातळ टायर घेतले तर हा खर्च वाढतो. एकच मॉडेल १५ इंची आणि १६ इंची चाकांत मिळत असेल तर १५ इंची घ्या.

आणि बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफने. सायलेन्सरच्या वाटेतली ही जाळी काजळी अडवते आणि ठराविक काळाने सुमारे ६०० अंशांवर ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग ६० च्या वर पळावी लागते. घर-शाळा-मोंढा-घर असं तीन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत हे जाळणं अर्धवट राहतं, जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. वाढलेलं ऑइल बघून खूश होऊ नका, ते पातळ झालेलं आहे, बदला. आठवड्यातून एकदा हायवेला न्यायला जमणार नसेल तर डिझेल घेऊच नका.

जुनी गाडी हाताळताना

सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर मालकाने खोड लपवली असू शकते. थंड इंजिन सुरू करताना आवाज ऐका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबेना आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय, डिझेलचा काळा धूर रेस देताना थोडा चालतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. वाफेचा हलका झोत ठीक, झाकण उडतंय आणि धूर फेकतंय तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, तिथूनच परत फिरा.

किलोमीटरचा आकडा खरा का? सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन इतिहास मागा. पॅडलची रबरं, स्टिअरिंगचा चकाकलेला भाग, ड्रायव्हर सीटची कड बघा. ४० हजार दाखवणाऱ्या गाडीचं क्लच पॅडल गुळगुळीत नसतं. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी समृद्धीवर १२० ने न्यायचा नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरातली. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा ओबीडी स्कॅनर लावताना मेकॅनिकला आधी ‘एरर क्लीअर करू नको, वाच’ असं सांगा. नंतर किमान १५ किलोमीटर चालवा, त्यात खराब रस्ता हवाच. तिसऱ्या-चौथ्या गिअरला कमी वेगात जोरात रेस द्या. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच संपलेला.

कागदं पटकन बघून होतात: एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, विमा, बँकेचा बोजा दिसतो. पूर्वी टॅक्सी होती का तेही आरटीओच्या नोंदीतून काढा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीसारखा दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा नियम महाराष्ट्रात नाही. इथे खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं असतं, मग तपासणी होऊन नूतनीकरण आणि पर्यावरण कर. म्हणून बारा वर्षांची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तीन वर्षांनंतरचा तो खर्च आजच भावात धरा, आणि विक्रेत्याला सांगूनच घासाघीस करा.